रस्त्याचा वेळ आणि उंबऱ्याचा वेळ: एका दिवसात शहरात जाऊन परत यायचं असेल तर

आईचे डोळे दाखवायला शहरातल्या एका रुग्णालयात जायचं होतं. अंतर १६० किलोमीटर, भेटीची वेळ सकाळी ११. आदल्या रात्री दहाच्या सुमाराला मी फोनवर नकाशा उघडला. त्याने २ तास १५ मिनिटं दाखवली. हाताशी असावा म्हणून आणखी अर्धा तास धरला आणि सव्वाआठला घराला कुलूप लावायचं ठरवलं. कुलूप सव्वाआठलाच लागलं. रस्त्यात टायर पंक्चर झाला नाही, अपघात दिसला नाही, कुठे रस्ता बंद नव्हता. तरी रुग्णालयाच्या खिडकीशी उभे राहिलो तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि आईचा नंबर केव्हाच पुकारून झाला होता.

काहीही बिघडलेलं नसताना सव्वा तास उशीर होतो, तेव्हा चूक हिशोबातच असते. माझी चूक अशी की दोन वेगळ्या वेळांना मी एकच समजलो. एक म्हणजे रस्त्याचा वेळ: गाडीची चाकं फिरत असतात तेवढाच. दुसरा उंबऱ्याचा वेळ: आपल्या घराच्या दारापासून, जिथे काम आहे त्या खोलीच्या दारापर्यंतचा. दोन्ही तास-मिनिटांतच सांगतात, दोन्हींना आपण ‘प्रवासाचा वेळ’च म्हणतो, आणि म्हणून ते सहज एकमेकांच्या जागी बसतात. लांबच्या, मुक्कामाच्या प्रवासात हा घोळ खपून जातो, कारण तासभर इकडेतिकडे झाला तरी मुक्काम कुठे पळून जात नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर मात्र तोच तास दिवस मोडतो.

नकाशाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं. असे नकाशे रस्त्याचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर गाडीला किती वेळ लागेल ते धरतात आणि ज्या मार्गावर ही बेरीज सर्वांत कमी येते तो दाखवतात. अशा जाळ्यातून कमीत कमी ‘खर्चाची’ वाट शोधायची पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केली. आजच्या पद्धती तिच्याच पुढच्या पिढ्या म्हणता येतील. तुकड्यावरचा वेग कळतो तो त्या रस्त्यावरून त्या घडीला सरकणाऱ्या फोनांवरून आणि आधीच्या दिवसांच्या नोंदींवरून. म्हणजे रात्री दहाला विचारलं तर उत्तर रात्री दहाच्या मोकळ्या रस्त्याचं येणार. सकाळचं उत्तर हवं असेल तर तसं विचारावं लागतं. गूगल मॅप्ससारख्या नकाशात निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ घालायची सोय असते. ती घातली की बऱ्याचदा एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा मिळतो. समोर कुणी आपली वाट पाहत असेल तर त्या पट्ट्याचं वरचं टोक धरावं. खालच्या टोकाचा मोह मला चांगला ठाऊक आहे, पण त्यावर आईची भेट टांगू नये.

आणि पट्ट्याचं वरचं टोक धरलं तरी तो रस्त्याचाच वेळ असतो, हे विसरू नका. उंबऱ्याचा वेळ नकाशाला कळूच शकत नाही. माझ्या त्या सकाळचे चार तास कुठे गेले ते नंतर कागदावर मांडलं. कुलूप लावल्यापासून आईला नीट बसवणं, फाइल राहिली म्हणून परत दार उघडणं, पिशव्या ठेवणं यात १५ मिनिटं. गावाबाहेर इंधन भरायला १०. मोकळ्या महामार्गाचे १४० किलोमीटर ताशी ८०च्या वेगाने, १०५ मिनिटं. वाटेत एकदा थांबणं, १५. शहरातले शेवटचे २० किलोमीटर, पूर्ण ६० मिनिटं. गाडी लावायला जागा शोधण्यात २०. तिथून आईच्या चालीने फाटक, लिफ्ट, खिडकी, १५. बेरीज २४० मिनिटं. यातली चाकं फिरण्याची मिनिटं १६५. उरलेला सव्वा तास नकाशाच्या जगात अस्तित्वातच नव्हता. मी हाताशी ठेवलेला अर्धा तास तर गाव सुटायच्या आतच जवळजवळ संपला होता, कारण कुलूप-पिशव्या आणि इंधन मिळूनच २५ मिनिटं झाली. राखीव वेळ म्हणून जे आपण बाजूला काढतो ते पुष्कळदा ठरलेल्या खर्चातच जातं. थांबणं, इंधन, पार्किंग हे होणारच असतं. त्याला त्याचा स्वतःचा वेळ द्यायला हवा. राखीव वेळ त्यानंतर, जे होईल की नाही हे माहीत नाही त्यासाठी.

हा घोळ माणसांच्या स्वभावातच आहे. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला नाव दिलं: नियोजनाचा भ्रम. काम कसं होईल याचं चित्र आपण मनात रंगवतो आणि त्या चित्रात सगळं सुरळीत असतं. मागच्या खेपेला प्रत्यक्षात किती वेळ लागला होता तिकडे पाहतच नाही. त्यावर उपायही त्यातच आहे. मागच्या वेळी घरातून किती वाजता निघालो आणि खिडकीशी किती वाजता पोहोचलो, एवढे दोन आकडे लिहून ठेवले की पुढचा अंदाज आपोआप सुधारतो.

शेवटचे २० किलोमीटर

वरच्या हिशोबातली एक गोष्ट पुन्हा पाहा. १६० पैकी २० किलोमीटर म्हणजे अंतराचा आठवा भाग. पण चाकं फिरण्याच्या १६५ मिनिटांपैकी ६० तिथे गेली, एक तृतीयांशाहून जास्त. पूर्ण वाटेचा सरासरी वेग ताशी ५८ किलोमीटर निघतो, जरी सातअष्टमांश वाट आम्ही ८०ने कापली होती. सरासरी काढताना मन अंतराकडे बघतं, घड्याळ मात्र वेळ मोजतं. निम्मं अंतर ४०ने आणि निम्मं ८०ने गेलात तर सरासरी ६० येत नाही, ५३ येते.

म्हणूनच उशीर झाला की महामार्गावर वेग वाढवून तो भरून काढायचा प्रयत्न फारसा फळत नाही. सगळे १६० किलोमीटर मोकळे मिळाले असं धरू. ६०वरून ८०वर गेलं की ४० मिनिटं वाचतात. ८०वरून १००वर, २४. १००वरून १२०वर, फक्त १६. दर खेपेला वाढ २०चीच, पण पदरात पडणारा वेळ घटत जातो. धडकेत सामावलेली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते: १००वरून १२०वर ती ४४ टक्क्यांनी चढते. मागे म्हातारी आई बसलेली असताना १६ मिनिटांसाठी हा सौदा मी करणार नाही, तुम्हीही करू नका. शहरातला वेग २०ऐवजी ३० मिळाला, तर त्या २० किलोमीटरमध्येच २० मिनिटं वाचतात, तेही कुणाचा जीव धोक्यात न घालता.

तो वेग मिळवायचा कसा? घरातून किती वाजता निघायचं, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. शहराच्या वेशीवर आपण किती वाजता असू, हे आधी ठरवा. अर्धा तास लवकर निघून नेमकं गर्दीच्या तोंडी वेशीवर पोहोचलात तर ते लवकर निघणं फुकट जातं. वेस दिवसातून दोनदा ओलांडायची असते, सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर. दोन्हींच्या वेळा कागदावर हव्यात. बाकीचं वेळापत्रक त्या दोन खुंट्यांना बांधायचं.

परतीचा वेळ हा जाण्याचा वेळ नव्हे

दुसरी गफलत इथे होते. जायला जेवढा लागला तेवढाच यायला लागेल असं धरून आपण मोकळे होतो. त्या दिवशी डॉक्टरांनी आईला सगळ्यांच्या शेवटी बघितलं, आणि आम्ही खिडकीपासून निघालो तेव्हा साडेपाच झाले होते. गाडीपर्यंत जाऊन ती बाहेर काढायला २० मिनिटं, कचेऱ्या सुटायच्या गर्दीत शहर ओलांडायला ७०. वेशीवर सात वाजले, अंधार पडला. दिवसा जे १४० किलोमीटर १०५ मिनिटांत झाले होते त्यांना रात्री ६०च्या वेगाने १४० मिनिटं लागली आणि दोन वेळा थांबावं लागलं. दहाला दहा मिनिटं कमी असताना घर.

रात्री वेग कमी ठेवणं हा भित्रेपणा नाही. ८०च्या वेगाने गाडी एका सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, आणि खाली झुकवलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ५०-६० मीटरच पोहोचतो. म्हणजे दिसल्यापासून अडीच सेकंदांत सगळं करायचं. त्यात समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर.

शिवाय चालवणारा सकाळचा राहिलेला नसतो. मी पहाटे पाचला उठलो होतो, म्हणजे घर आलं तेव्हा जवळजवळ सतरा तास जागा होतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात सतरा तास जागं राहिलेल्यांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी ढासळलेली आढळली. मी आयुष्यात दारू पिऊन गाडी चालवली नाही, पण त्या रात्री आई मागे झोपलेली असताना मी तशाच अवस्थेत होतो. हे कळल्यापासून मी दिवस तासांत मोजताना ‘उठल्यापासून घरी परत’ हाही एक आकडा लिहितो, आणि तो पंधराच्या वर जात असेल तर मुक्कामाचा विचार करतो. झोपेची एक डुलकी दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही येते, पोट रिकामं असो वा भरलेलं. शरीराच्या घड्याळातच ती आहे. चार सेकंद डोळा लागला तर ८०च्या वेगाने गाडी जवळजवळ ९० मीटर चालकाविना जाते. काचा खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी डुलकी थांबत नाही. सुरक्षित जागी गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटं झोपण्याने थांबते. कॉफी घेणारे असाल तर झोपायच्या आधी घ्या, तिचा परिणाम दिसायला साधारण तेवढीच मिनिटं लागतात.

आता ताईची गोष्ट. आम्ही दोघं आळीपाळीने गाडी चालवणार होतो. रुग्णालयात बसल्या बसल्या ती म्हणाली, “आलेच आहे तर माझेही डोळे तपासून घेते.” आई म्हणाली, “घे गं, परत कधी येणं होणार.” दोघींच्याही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. ते चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि उतरायला कित्येक तास. तोवर जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही आणि गाडी चालवायची नसते. एका तपासणीत आमचा दुसरा चालक गेला. शहरात ज्या कामाला चाललोय ते काम झाल्यावर गाडी कोण चालवू शकेल, हा प्रश्न घरातून निघायच्या आधी विचारायचा असतो. गुंगीचं औषध देऊन होणाऱ्या तपासण्यांनाही हेच लागू आहे.

सूर्याचाही हिशोब करावा. शहर तुमच्या पूर्वेला असेल तर सकाळी जाताना ऊन समोरून आणि संध्याकाळी परततानाही समोरूनच. पश्चिमेला असेल तर दोन्ही वेळा पाठीशी. पूर्वेला जाणाऱ्याने काच आतून-बाहेरून पुसून ठेवावी. धुळीचा पातळ थर कोवळ्या उन्हात पांढरा पडदा होतो. विजेवरच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एवढंच: जलद चार्जिंगमध्ये शेवटचे २० टक्के फार सावकाश भरतात, म्हणून घरून पूर्ण भरून निघा आणि वाटेत ८०वर समाधान माना.

पुढच्या तपासणीला मी कागद उलटा भरला, रात्रीपासून सकाळकडे. संध्याकाळी साडेचारपर्यंत वेस ओलांडायची, म्हणजे गर्दीच्या आधी शहरातून ४० मिनिटांत बाहेर पडता येईल. त्यासाठी साडेतीनला खिडकी सोडायची. थेंब, थांबणं, डॉक्टर मिळून चार तास धरले, म्हणून भेट साडेअकराच्या पुढची घ्यायची नाही. ११ची मिळाली. इंधन आदल्या संध्याकाळी भरलं, फाइल गाडीत ठेवली, गाडी लावायची जागा आधी शोधून ठेवली. ताईने तिच्या तपासणीसाठी वेगळी तारीख घेतली. रस्त्याचा, थांबण्याचा आणि चालण्याचा वेळ वेगवेगळा लिहिला, त्याच्या वर ४० मिनिटं राखीव, आणि कुलूप लावायची वेळ निघाली साडेसहा.

दहा पंचवीसला खिडकीशी होतो. राखीव ४० पैकी पाच मिनिटं वापरली गेली. परतताना वेस ओलांडली तेव्हा पावणेपाच झाले होते, वाटेत ताईने गाडी घेतली, आणि आईने घराचं कुलूप काढलं तेव्हा अंगणात अजून थोडा उजेड होता.