दगडावर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरं

कॅनडातल्या जुन्या चिनी दफनभूमीत कधी कधी एकाच दगडावर दोन आडनावं दिसतात. इंग्रजी अक्षरांत एक, चिनी अक्षरांत भलतंच. ही पाथरवटाची चूक नसते. चिनी अक्षरांतलं आडनाव बापाकडून आलेलं असतं आणि इंग्रजीतलं कागदांसोबत विकत घेतलेलं. अशी वेळ का आली, हे समजायला कायदे क्रमाने पाहावे लागतात.

१८५८ साली फ्रेझर नदीकाठी सोनं सापडलं आणि सॅन फ्रान्सिस्कोहून पहिले चिनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया बंदरात उतरले. मोठी लाट आली ती १८८१ ते १८८५ या काळात, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामावर. सुमारे १५ हजार मजूर होते, रोजी साधारण एक डॉलर, गोऱ्या मजुरांपेक्षा कितीतरी कमी. सुरुंग, दरडी आणि स्कर्व्ही यांत कमीत कमी अंदाजानेही ६०० जण गेले. यातले बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातल्या चार लगतच्या तालुक्यांचे, त्यातही सर्वाधिक तोइसानचे. रूळ जोडले गेले त्याच वर्षी, १८८५ मध्ये, चिनी माणसाच्या प्रवेशावर ५० डॉलरची डोईपट्टी बसली. १९०० च्या कायद्याने ती १०० झाली, १९०३ च्या कायद्याने ५००. पाचशे म्हणजे मजुराची जवळजवळ दोन वर्षांची कमाई. सुमारे ८२ हजार जणांनी मिळून २ कोटी ३० लाख डॉलर भरले. ही रक्कम भाऊबंदांकडून उसनी घ्यायची आणि वर्षानुवर्षं फेडायची. एकासाठी एवढे मोजल्यावर बायकोसाठी आणखी पाचशे आणायचे कुठून? १९११ मध्ये कॅनडातल्या चिनी समाजात शंभर बायकांमागे जवळपास २,८०० पुरुष होते.

पैसे भरल्याची पावती म्हणजे ‘सी.आय. ५’ (सी.आय. म्हणजे चायनीज इमिग्रेशन) हे प्रमाणपत्र. त्यावर पुढे फोटोही आला. सरकारच्या मोठ्या रजिस्टरमध्ये क्रमांक, नाव, वय, गाव, उंची, चेहऱ्यावरचे व्रण, भरलेली रक्कम, जहाज आणि तारीख असे रकाने असत. हे रजिस्टर आज कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, त्यात सुमारे ९८ हजार नोंदी आहेत. शोध घ्यायचा तर प्रमाणपत्राच्या क्रमांकाने घ्यावा, नावाने नव्हे. चिनी नावात आडनाव आधी येतं, हे कारकुनांच्या ध्यानात नसे. ते शेवटचा शब्द आडनाव समजत. ‘आ’ हा घरगुती हाकेतला उपसर्गही तसाच नोंदला जाई. आपल्याकडे कुणाला ‘बाळू’ म्हणून हाक मारावी आणि दप्तरात त्याचं नाव कायमचं तेच व्हावं, तसं. बाईच्या नावातलं ‘शी’ हे तर नावच नव्हे. ‘वाँग शी’ म्हणजे माहेरची वाँग. तिचं स्वतःचं नाव बहुधा कुठेच सापडत नाही आणि या दप्तरांतलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

१ जुलै १९२३ रोजी, कॅनडाच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, पट्टी गेली आणि दारच बंद झालं. पुढच्या २४ वर्षांत पन्नासही चिनी आत येऊ शकले नाहीत. आधीपासून राहणाऱ्यांना वर्षभरात नोंदणी सक्तीची झाली, कॅनडात जन्मलेल्या तान्ह्या बाळांनाही. या ‘सी.आय. ४४’ दाखल्यावर छापलेलं असे की यामुळे कॅनडात कोणताही कायदेशीर दर्जा सिद्ध होत नाही. गावी जाऊन दोन वर्षांच्या आत परतलं नाही, तर हक्क गेला. १ जुलैला चिनी लोक अपमानदिन म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात ‘फोर्स १३६’ या ब्रिटिश गुप्त दलात सुमारे १५० चिनी कॅनेडियन तरुण गेले. त्यांतल्या अनेकांचं प्रशिक्षण आपल्या पुण्याजवळ झालं. ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडच्या प्रांतातून आलेल्यांना तेव्हा मताचाही अधिकार नव्हता.

१९४७ मध्ये बंदी उठली, पण नागरिकांना फक्त बायको आणि १८ वर्षांखालची अविवाहित मुलंच आणता येत. चोवीस वर्षांच्या ताटातुटीत बहुतेकांची मुलं अठरा ओलांडून गेली होती. इथून ‘कागदी मुलगा’ जन्माला आला. कुणाचा मुलगा लहानपणी दगावलेला असे, पण त्याचे कागद जिवंत असत. ते विकत घेऊन दुसरा मुलगा त्या नावाने, त्या वयाने, त्या आडनावाने जहाजात बसे. सख्खा बाप कागदावर काका होई. चौकशीत उत्तरं जुळावीत म्हणून परक्या घराची माहिती पाठ करावी लागे, आणि खरं आडनाव घराबाहेर काढायचं नाही, असं मुलांना बजावलेलं असे. १९६० मध्ये सरकारने माफीयोजना आणली. पुढच्या दहा वर्षांत ११ हजारांहून अधिक जणांनी आपला दर्जा कायदेशीर करून घेतला. मात्र दुकान, घर, मुलांचे जन्मदाखले सगळं कागदी नावावर उभं होतं, म्हणून अनेकांनी आडनाव तेच ठेवलं.

म्हणून खरं कूळ शोधायला दगड वाचावा लागतो. चिनी मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. बहुधा उजवीकडे तालुका व गाव, मधे नाव, डावीकडे मृत्यूची तारीख. साल चिनी प्रजासत्ताकाचं असेल तर त्यात १९११ मिळवायचे. २० वं वर्ष म्हणजे १९३१. वयात एक-दोन वर्षांचा फरक पडला तर गोंधळू नये. चिनी हिशेबात मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि प्रत्येक नववर्षाला एकाने वाढतं. लग्नात पुरुषाला दुसरं नाव मिळे, त्यामुळे रजिस्टरमधलं आणि दगडावरचं नाव वेगळं दिसलं तरी माणूस तोच असू शकतो. शिवाय १९१४ पर्यंत तोइसानचं नाव सनिंग होतं. ‘सनिंग’ वाचून निराळा तालुका धरला, की पुढचा सगळा शोध भरकटतो.

काहींना तर दगडही परदेशात नको होता. सुमारे सात वर्षांनी अस्थी उकरायच्या, धुऊन-सुकवून पेटीत भरायच्या आणि हाँगकाँगमार्गे गावी पाठवायच्या, अशी रीत होती. व्हिक्टोरियाच्या हार्लिंग पॉइंट दफनभूमीत त्यासाठी अस्थिगृह होतं. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला आणि जहाजं थांबली. पेट्या तिथेच राहिल्या. अखेर १९६१ मध्ये त्या अस्थी १३ सामुदायिक कबरींत पुरल्या गेल्या.

१९६७ नंतर गुणांवर आधारित प्रवेश सुरू झाला. हाँगकाँगचे, मग मुख्य भूमीचे लोक आले आणि चायनाटाउनची तोइसानी बोली आधी कँटोनीजखाली, मग मँडरिनखाली दबली. २२ जून २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत डोईपट्टीबद्दल माफी मागितली आणि हयात करदात्यांना किंवा त्यांच्या जोडीदारांना २० हजार डॉलर देऊ केले. माफीचे शब्द ते कँटोनीजमध्येही बोलले. पट्टी भरणाऱ्या बहुतेकांच्या घरची बोली ती नव्हती.

१ जुलै २०२३ रोजी, बंदीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, व्हँकुव्हरच्या विंग सांग इमारतीत चिनी कॅनेडियन संग्रहालय उघडलं. पहिल्याच प्रदर्शनासाठी घरोघरच्या ट्रंकांतून आणि पाकिटांतून ही प्रमाणपत्रं बाहेर आली. पुष्कळ घरांत आजोबांचा तरुणपणीचा एकमेव फोटो त्या कागदावरचाच असतो.