एमएस असलेल्यांचे जेवण: काय सांभाळावे, कशावर पैसे घालवू नयेत

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्यांना आम्ही गोव्याच्या फोंडा तालुक्यात आहारसल्ला आणि गरजेप्रमाणे घरपोच डबा देतो. हे पत्रक घरात स्वयंपाक करणाऱ्यांनीही वाचावे. बहुतेक घरांतून पहिली मागणी येते ती "एमएसचा डाएट" द्या अशी. तसा एकच डाएट नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या आवरणावरच चाल करून जाते. कोणते तंतू सापडले त्यावर कुणाच्या पायांत ताठरपणा येतो, कुणाची लघवी थांबत नाही, तर कुणाला पाण्याचा घोटही ठसकवतो. म्हणून आम्ही आजाराच्या नावाकडे न पाहता आज कसला त्रास आहे ते पाहून ताट ठरवतो. न्यूरोलॉजिस्टने दिलेले औषध आहाराने सुटत नाही, ते चालूच ठेवायचे.

नावाजलेले डाएट

डॉ. रॉय स्वँक यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस कमी संपृक्त चरबीचा (तूप, खोबरे, मांस यांतल्या चरबीचा) आहार सुचवला, दिवसाला जास्तीत जास्त 15 ग्रॅम. त्यांनी रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता. डॉ. टेरी वॉल्स यांच्या आहारात भाज्या भरपूर आणि मांस-मासे आहेत, पण धान्ये, कडधान्ये आणि दूध वर्ज्य. 2021 साली या दोन्ही आहारांची तुलना प्रसिद्ध झाली. थकवा दोन्ही गटांत कमी झाला, पण नेहमीचे जेवण घेणारा तिसरा गट त्यातही नव्हता. कोणत्याही आहाराने आजार थांबतो हे अजून सिद्ध झालेले नाही.

आमचे मत सांगतो. वॉल्स यांची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उचलली तर भात, डाळ, दही सगळेच जाते, महिन्याचा खर्च वाढतो आणि आधीच बारीक असलेली व्यक्ती आणखी खंगते. सीलिअॅक आजार (गव्हातले ग्लुटेन न सोसणे) तपासणीत निघाला नसेल तर गहू सोडण्याचेही कारण नाही. गव्हाच्या कोंड्याची पोई खुशाल खा.

नारळाचा हिशोब

स्वँक यांच्या सांगण्यातली एक गोष्ट मात्र गोव्यातल्या स्वयंपाकघरात घेण्यासारखी आहे. मध्यम नारळाच्या एका कवडीचे (अर्ध्या भागाचे) खोबरे साधारण 150 ग्रॅम भरते. ओल्या खोबऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा चरबी असते आणि त्यातली बहुतेक संपृक्त. म्हणजे चौघांच्या हुमणात (नारळाच्या वाटणाच्या मासळीच्या आमटीत) एक कवड घातली की प्रत्येकाच्या वाट्याला 11 ग्रॅम संपृक्त चरबी येते. दुपारी हुमण आणि रात्री तोंडाक (कडधान्याची नारळाची आमटी) झाले की 22 ग्रॅम, भाजीवर पेरलेले खोबरे वेगळेच. हालचाल कमी असलेल्या व्यक्तीला दिवसाला 1600 कॅलरी पुरत असतील तर एकूण कॅलरींच्या दहा टक्के या नेहमीच्या मर्यादेने तिला 18 ग्रॅमच चालते.

नारळ बंद करा असे आम्ही सांगत नाही. तसे सांगितले तर आठवड्याभरात आमचा कागद चुलीत जाईल. चौघांत अर्धी कवड घ्या. वाटणात भाजलेला कांदा, धणे आणि चमचाभर भिजवलेले तांदूळ घाला, म्हणजे रस दाट होतो. दिवसातून एकच जेवण नारळाचे ठेवा, दुसऱ्या वेळी कुळथाची पिठी, वरण किंवा तिखले. वजन वाढत असेल तर हे विशेष महत्त्वाचे, कारण चार किलो जास्त झाले की खुर्चीवरून पलंगावर नेणाऱ्याच्या कमरेला ते लगेच जाणवतात.

वजन उतरत असेल तर हिशोब उलटा. तीन ते सहा महिन्यांत आपोआप पाच टक्के घटले, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तीन किलो गेले, की आम्हाला आणि डॉक्टरांना कळवा. तेव्हा नारळाचा दाट रस, साजूक तूप, केळे घातलेले नाचणीचे तिजण हे सगळे कामाला येते.

पाणी, लघवी आणि पोट

सर्वात जास्त आढळणारी चूक हीच. लघवी सारखी लागते म्हणून पाणी तोडायचे. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला आणखी चुरचुर लागते, घाई वाढते, मल कोरडा होतो आणि कोंडलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. वर जंतुसंसर्ग झाला तर तापाने जुनी लक्षणे उफाळतात आणि घरच्यांना वाटते, एमएसचा नवा झटका आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला.

दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागतो, हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. तो एकदम ढोसू नका. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत दर दीड तासाने एक पेला, आणि झोपण्याआधीचे दोन तास फक्त गोळीपुरते घोट. चहा-कॉफी मिळून दोन कप. कोला आणि मद्य मूत्राशयाला डिवचतात. हुर्राक किंवा फेणीचा आणखी एक धोका: बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे) चालू असताना त्या मद्याने गुंगी आणि तोल जाणे दोन्ही वाढतात.

बद्धकोष्ठासाठी तंतुमय पदार्थ दिवसाला 25 ते 30 ग्रॅमपर्यंत न्यायचे, पण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, नाहीतर पोट फुगते. उकड्या तांदळाचा भात, अळसांदे, पेरू, पपई, तांबडी भाजी हे आपले रोजचेच. इसबगोल घ्यायचा तर एक चमचा भरलेल्या पेल्यात कालवून लगेच प्या, वर आणखी अर्धा पेला पाणी. कमी पाण्यात तो घशात किंवा आतड्यात गोळा होऊन बसतो, म्हणून गिळण्याचा त्रास असलेल्यांनी तो घेऊच नये. न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी आतडे आपोआप हलते. ती वेळ टीव्हीला न देता संडासला द्या, पायाखाली लहान पाट ठेवा.

गिळताना त्रास

जेवताना खोकला, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणे, ताट संपायला अर्ध्या तासाहून जास्त लागणे, पुन्हा पुन्हा छातीत कफ: यांतले एकही दिसले तर आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) किंवा तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठी मागा. काहींचे अन्न खोकला न येताच श्वासनलिकेत उतरते, म्हणून ठसका लागत नाही यावर निश्चिंत राहू नका.

लोकांना वाटते पातळ ते सोपे. खरे तर पाणी, सोलकढी, चहा हेच सर्वात पटकन निसटतात आणि घसा बंद व्हायच्या आत खाली पोचतात. त्याहून फसवी आपली पेज. तिच्यात वर पातळ निवळ आणि खाली शिते, म्हणजे एकाच घासात दोन जाती. शिते तोंडात घोळवीपर्यंत निवळ घशात गेलेली असते. अशा व्यक्तीसाठी पेज शितांसकट मिक्सरमध्ये एकजीव करून गाळा. फरसाण, कोरडे पोहे, रव्याचा लाडू आणि कोरडा पावही टाळा. पाव तोंडात चिकट गोळा होतो, तो रसात पूर्ण भिजवून द्यावा लागतो. मासळीत काटे कमी म्हणून इसवण किंवा मोरी, तीही हाताने कुस्करून, बोटांना काटा लागतो का ते पाहून.

थेरपिस्टने दाटपणाची पातळी सांगितली की घरी ती सिरिंजने तपासता येते. सिरिंज 10 मिलीची आणि तिच्यावरच्या शून्य ते दहा खुणांची लांबी 61.5 मिमी हवी. लांबी वेगळी असली की निकाल चुकतो. दट्ट्या काढा, टोक बोटाने बंद करा, 10 मिलीपर्यंत द्रव भरा, बोट सोडा, दहा सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत 1 मिलीहून कमी उरले तर द्रव पातळच आहे. 1 ते 4 मिली उरले तर पहिली पातळी, 4 ते 8 उरले तर दुसरी, 8हून जास्त उरूनही थेंब पडत असतील तर तिसरी. ज्या तापमानाला प्यायला देणार त्याच तापमानाला तपासा. नाचणीच्या किंवा तांदळाच्या पिठाने दाट केलेले पेय निवल्यावर जास्त घट्ट होते आणि पेल्यात लाळ गेली की परत पातळ होते. झँथन गम असलेली पावडर लाळेने पातळ होत नाही, म्हणून डब्यात आम्ही तीच वापरतो.

जेवताना पाठ सरळ, पाय टेकलेले, जेवणानंतर अर्धा तास आडवे नाही. भरवणाऱ्याने समोर बसावे. उभ्याने भरवले की मान वर होते आणि श्वासनलिका उघडी पडते. गोळ्या कुटून देण्याआधी औषधवाल्याला विचारा. चालणे सुधारण्यासाठीच्या फॅम्प्रिडिनसारखी हळूहळू विरघळणारी गोळी फोडायची नसते.

मासळी बंद असताना

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, पुढे श्रावण आणि चवथ. मासळी-भातावर चालणाऱ्या घरात हे तीनेक महिने प्रथिने गुपचूप घसरतात. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम प्रथिने लागतात. बांगड्याचा किंवा इसवणाचा 100 ग्रॅम मांसाचा वाटा 20 ग्रॅम देतो. तो गेला आणि जागी बटाट्याची भाजी आली तर मांड्यांचे स्नायू झिजतात, मग उभे राहणे कठीण. भरपाई अशी: दोन अंडी 12 ग्रॅम, 40 ग्रॅम कोरडे अळसांदे शिजवून 9, पाव लिटर दूध किंवा दही 8, 50 ग्रॅम पनीर 9. श्रावणात अंडे चालत नसेल तर 25 ग्रॅम कोरडे सोयाचे गोळे 13 ग्रॅम देतात. पाठीला किंवा नितंबावर खुर्चीत सतत बसून जखम झाली असेल तर गरज किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमवर जाते, म्हणजे 75 ते 90. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टर.

बांगडा-तारल्यातल्या ओमेगा-3ऐवजी रोज एक मोठा चमचा जवस घ्या, पण दळून; अख्खे जवस जसे गेले तसे बाहेर पडते. खारी मासळी चवीपुरती. मिठाने एमएस बिघडतो असे ठरलेले नाही, पण झटक्यासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 3 ते 5 दिवस शिरेतून चालू असते तेव्हा शरीर पाणी धरते आणि साखर चढते. त्या आठवड्यात खारा बांगडा, पापड, लोणचे आणि गोड बाजूला ठेवा, मधुमेह असेल तर साखर रोज तपासा.

पूर्ण शाकाहारी असाल तर बी12 तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही हातपाय बधिर होतात आणि दोष एमएसवर जातो.

गोळ्या आणि पुड्या

डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचे औषध चहा-बिस्किटावर घेतले की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा होतो, पोट मुरडते. पूर्ण जेवणासोबत घ्या, कॅप्सूल उघडून अन्नात मिसळू नका. टिझानिडिन रोज एकाच पद्धतीने, एकतर जेवून किंवा रिकाम्या पोटी. पद्धत बदलली की परिणामही कमीजास्त होतो.

ड जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या सॅशेने खूप घोळ होतो. ते सहसा आठवड्याला एक असते, ठरलेल्या आठवड्यांपुरते. रोज एक घेणारे किंवा हाडाच्या आणि मेंदूच्या दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी चालवणारे लोक असतात. जास्त झाले की रक्तात कॅल्शियम चढते: तहान, मळमळ, सारखी लघवी, बद्धकोष्ठ. एमएसची लक्षणेही अशीच, म्हणून ते ओळखू येत नाही. मोठ्या मात्रेच्या चाचण्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. 2023च्या अमेरिकी चाचणीत झटके कमी झाले नाहीत, 2025च्या फ्रेंच चाचणीत अगदी सुरुवातीच्या रुग्णांत आजाराची हालचाल कमी दिसली. रक्ततपासणी करून डॉक्टर ठरवतील तेवढेच.

केसांच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये गडबड करते, तपासणीआधी लॅबला सांगा. "प्रतिकारशक्ती वाढवणारे" काढे इथे उलट्या दिशेचे, कारण तुमचे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालण्यासाठीच आहे. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. अशी औषधे चालू असताना कालवे, तिसऱ्या, शिणाणे नीट शिजवूनच खा आणि दूध उकळूनच प्या.

उकाडा आणि थकवा

अंगाचे तापमान अर्धा अंश वाढले तरी नजर धूसर होते, पाय जड होतात. थंड झाल्यावर ते उतरते, नवी इजा झालेली नसते. एप्रिल-मेमध्ये कढत पेज नको, निववून घ्या. बाहेर पडण्याआधी बर्फ घातलेले कोकम सरबत, साखर एका पेल्याला दोन चमच्यांवर नको. स्वयंपाक सकाळी आठच्या आत, स्टुलावर बसून. आदोळीवर जमिनीला बसून नारळ खोवण्याचा हट्ट सोडा. आठवड्याचा नारळ एकदाच खोवून घेऊन लहान पुड्या फ्रीझरमध्ये ठेवल्या की झाले.

आमच्याकडे येताना

औषधांची सगळी पाकिटे आणा, पुड्या, काढे, केसांच्या गोळ्या धरून. गेल्या सहा महिन्यांतले वजन, ड जीवनसत्त्व, बी12, साखर आणि लिव्हरचे रिपोर्ट आणा. तीन दिवस खाल्लेले आणि प्यायलेले वेळेसकट लिहा, त्यातला एक दिवस रविवार असू द्या. डबा सुरू झाल्यावर उरलेले अन्न धुऊन टाकण्याआधी त्याचा फोटो पाठवा. भात उरला की भाजी, हे पाहिल्याशिवाय पुढच्या आठवड्याचा डबा आम्ही ठरवत नाही.