पाटणच्या वाटेवरचा नऊ अंकी नंबर

गेल्या महिन्यात चाळीसगावच्या स्टँडजवळ एका मोबाईलच्या दुकानात थांबलो होतो. दुकानदार गिऱ्हाईकाला सांगत होता, "भाऊ, बेरीज नऊ येते, मंगळाचा नंबर आहे, पाचशे जास्त लागतील." मी निघालो होतो पाटणला. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. वाटेत डोक्यात भास्कराचार्यांचाच एक नंबर घोळत राहिला : 22,61,53,980.

कुठल्या संख्येच्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला तर पुन्हा वर्गच मिळतो? याचं सगळ्यात लहान उत्तर म्हणजे ही संख्या. भास्कराचार्यांनी ते 1150 च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत उत्तरापर्यंत जाण्याच्या रीतीने, काढलं. फ्रेंच गणितज्ञ फर्माने 1657 मध्ये हाच 61 युरोपातल्या गणितज्ञांना कोडं म्हणून घातला.

या संख्येचे अवयव पाडा : 2×2×3×3×5×13×127×761. आता विभाजक किती? विभाजक बनवायचा म्हणजे यातून निवड करायची. 2 एकही घेऊ नका, एक घ्या किंवा दोन्ही घ्या, असे तीन पर्याय. 3 चेही तीन. उरलेले चार घ्या किंवा सोडा, प्रत्येकी दोन. 3×3×2×2×2×2 = 144. स्वतः ती संख्या वगळून बाकीच्या 143 विभाजकांची बेरीज येते 51,94,11,204, म्हणजे संख्येच्या दुपटीहूनही जास्त. ही बेरीज संख्येहून जास्त आली की त्या संख्येला विपुल म्हणतात.

एवढे विभाजक आले कुठून? मला सगळ्यात आवडतं ते इथे आहे. 3805 चा वर्ग गुणिले 61 म्हणजे 88,31,59,525. आणि 29718 चा वर्ग 88,31,59,524. फक्त एकाने हुकलं! आपल्याला वर्ग एकाने जास्त हवा होता, इथे एकाने कमी पडला. भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती ब्रह्मगुप्त यांची 'भावना', म्हणजे अशा दोन जोड्या जुळवून नवी जोडी काढायची रीत, सांगते की अशी जोडी स्वतःशीच जुळवली की उणे एक गुणिले उणे एक होऊन अधिक एक मिळतो, आणि नवी संख्या होते 2×29718×3805. करून बघा, 22,61,53,980 च येते. 29718 मधून 13 आणि 127 आले, 3805 मधून 5 आणि 761.

आता मंगळाचं. 22,61,53,980 च्या अंकांची बेरीज 36, पुन्हा केली की 9. दहा, शंभर, हजार, कशालाही 9 ने भागलं तर बाकी 1 उरते, म्हणून अंकांची बेरीज 9 ने भागाकाराची बाकी सांगते. बस. दर नववा नंबर तसाच असतो, त्यासाठी पाचशे रुपये घेणं ही लूट आहे. 36 ने मात्र ही संख्या निःशेष भागली जाते, 62,82,055 वेळा. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिलं.

कोड्यातला दुसरा वर्ग, म्हणजे 61 ने गुणून 1 मिळवल्यावर येणारा, 1,76,63,19,049 या संख्येचा. तिच्या अंकांची बेरीज 46. विषम संख्येला 46 ने भाग जात नाही, म्हणून ती हर्षद नाही.