कसावा : इंदुरातील परसलागवड आणि वापर

कसावा किंवा साबुकंद हे एरंडाच्या कुळातले, मूळचे दक्षिण अमेरिकेतील झुडूप. ते पोर्तुगिजांमार्फत केरळात आले. इंदूरच्या मराठी घरांना त्याची ओळख एकादशी-चतुर्थीच्या साबुदाण्यापुरतीच असते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, वाफेवर मोकळी होणारी, लिंबू नि फराळी मिक्श्चर घातलेली खिचडी याच कंदाच्या सत्त्वाची. तमिळनाडूत सेलमकडे कंद सोलून, वाटून, वारंवार धुऊन हे सत्त्व काढतात. या धुलाईत कंदातला विषारी अंश जवळजवळ निघून जातो. परसातून उपटलेल्या कंदाला ही धुलाई मिळालेली नसते, म्हणून तो गराडूसारखा (इंदुरात तळून खातात तो कंद) कापून थेट तळायचा नाही, की रताळ्यासारखा निखाऱ्यात भाजायचा नाही.

लागवड पक्व खोडाच्या वीतभर तुकड्यांनी, थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळी पाणी साचून कंद कुजतात. वाळू व शेणखत मिसळून वाफा उंच करावा. उन्हाळ्यात पाणी तोडू नये, कारण ताण पडलेल्या झाडात विष वाढते. थंडीत वाढ थांबते, तोवर ९-१० महिन्यांत कंद तयार होतात. उपटलेला कंद २-३ दिवसांत आतून निळसर-काळ्या रेषांनी खराब होतो, तेव्हा लागेल तेवढेच झाड काढणे बरे.

कंदातील लिनामारिन हे द्रव्य पेशी फुटताच विकराशी मिसळते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार गोड कसाव्यात त्याचे प्रमाण किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. घरी फक्त खात्रीची गोड जात लावावी. कडू जातीला किसणे, भिजवणे, आंबवणे, पिळणे असे सारे सोपस्कार लागतात. गोड कंदाचीही दोन्ही टोके कापून टाकावीत. तपकिरी सालीखालचा पांढरा-गुलाबी जाड पापुद्रा सुरीने उचलला की सालीसकट सुटून येतो. तो राहू देऊ नये, विष तिथेच जास्त. मग लहान तुकडे करून भिजवावेत, ते पाणी फेकावे, भरपूर नव्या पाण्यात झाकण न ठेवता पूर्ण मऊ होईपर्यंत उकळावेत आणि तेही पाणी ओतून द्यावे. मधला दोरा काढून पुढे जिरे-मिरचीची फोडणी द्यावी किंवा तुकडे तळावेत. शिजूनही कडू लागलेला घास थुंकून सगळेच टाकावे.

खाल्ल्यावर डोकेदुखी, चक्कर, उलटी किंवा धाप लागल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. साली आणि हिरवा पाला दारच्या गाईपुढे टाकू नये. तिलाही तेच विष बाधते.