हृदयाजवळची गाठ आणि सोड्याचा घोट

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या हार्टच्या दवाखान्यांबाहेर चंद्रपूर, गडचिरोली, छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक टू-डी इकोचा रिपोर्ट उलटसुलट करून वाचत असतात. 'हृदयालगत गाठ असावी, सीटी करून खात्री करावी' अशी ओळ दिसली की पहिला संशय बिलावर जातो. आत्ताच तर इको झाला, आता सीटी कशाला? विचारायलाच हवं. पण याचं उत्तर बहुतेकदा भौतिकशास्त्रात असतं.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच. प्रोबमधून सेकंदाला साधारण 20 ते 50 लाख कंपनांचा ध्वनी छातीत शिरतो आणि परतलेल्या प्रतिध्वनींवरून चित्र उमटतं. वाटेत हवा लागली की मात्र 99 टक्क्यांहून जास्त ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. (जेल चोपडतात ते याचसाठी.) हृदयाच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेली फुप्फुसं, पुढे छातीचं हाड, बघायचं ते बरगड्यांच्या फटींतून. जुन्या दम्याने किंवा विडी-सिगारेटने फुप्फुसं फुगलेली असली तर त्या फटीही झाकल्या जातात. म्हणून हृदयाच्या आतली गाठ, तिचं हलणं, झडपेत अडकणं इको छान दाखवतो. बाहेर फुप्फुसाआड असलेली गाठ अर्धवट दिसते, नाहीतर दिसतच नाही.

दिसली तरी ती कशाची? पाण्याची पिशवी काळी दिसते, ती बऱ्याचदा ओळखू येते. चरबी, सुजलेला लिम्फ नोड (रोगाशी लढणारी छोटी ग्रंथी), ट्यूमर यांच्या करड्या छटांवरून मात्र छातीठोक सांगणं कठीण.

कधी कधी तर ही 'गाठ' चक्क जठर निघतं! हायटस हर्नियात जठराचा भाग श्वासपटलातून वर छातीत सरकतो आणि हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यामागे जाऊन बसतो. इकोत दिसतो गोळा. यावर डॉक्टरांची एक झकास युक्ती आहे: प्रोब छातीवर ठेवूनच पेशंटला सोडा पाजायचा. घोट खाली उतरला की 'गाठी'त बुडबुडे भिरभिरू लागतात.

प्रत्येक गाठ अशी सोड्याने उलगडत नाही. अन्ननलिकेत प्रोब उतरवून इको केला तर बरगड्या आणि फुप्फुसं टळतात, तरी महाधमनीच्या एका तुकड्यापुढे श्वासनलिका आपली हवा घेऊन आडवी येतेच. सीटी क्ष-किरणांवर चालतो, त्याला हवेची अडचण नाही. शिवाय तो घनता आकड्यात सांगतो: पाण्याला 0 धरलं तर चरबी उणे 100च्या आसपास. हृदयाशेजारचा निरुपद्रवी चरबीचा गोळा इथेच ओळखला जातो. तरीही शंका उरली तर एमआरआय, आणि ट्यूमर नेमका कोणता हे ठरवायला बहुधा तुकडा काढून तपासावाच लागतो.