जिवाणूंच्या सायीला पडलेली भोकं

जिवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज किंवा नुसता फाज, शोधायचा तर गटाराकडे जावं. भक्ष्य भरपूर तिथेच शिकारी. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा फाज हवा असेल तर सांडपाण्यासारखी जागा नाही.

आणलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ बसवतात आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. जिवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतात. मग त्यात ई. कोलाय आणि त्याचं खाद्य घालून रात्रभर ठेवतात; फाज असला तर वाढतो. पुन्हा गाळून, ताज्या जिवाणूंसह पातळ कोमट आगरात (थंड झाल्यावर जेलीसारखं घट्ट होणाऱ्या पदार्थात) कालवून पेट्री डिशमध्ये ओतलं, की दुसऱ्या दिवशी डिशवर जिवाणूंची दुधाळ साय धरते. तिच्यात गोल भोकं दिसली की समजावं, फाज सापडला! या भोकाला प्लाक म्हणतात. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फेलिक्स देरेल यांनी 'बॅक्टेरिओफाज' हे नाव दिलं, तेही अशाच स्वच्छ ठिपक्यांचा माग काढत.

साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा हा जीव असा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. दहा लाख पट विरल केलेल्या द्रावणाच्या ०.१ मिलिलिटरमधून ६० भोकं पडली, तर मूळ द्रावणात मिलिलिटरमागे ६० कोटी फाज.

नवख्याला इथे काम झालंसं वाटतं. पण एका भोकात दोन जातींची सरमिसळ असू शकते. म्हणून एकच भोक टोचून घ्यायचं, पुन्हा पसरायचं, आणि हे किमान तीनदा. कंटाळवाणं आहे खरं. पण टाळलं तर पुढची मोजमापं नेमकी कुणाची, हेच कळत नाही.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रूप पाहायचं, जिवाणू फुटायला किती वेळ लागतो ते मोजायचं. टी-४ हा प्रसिद्ध फाज साधारण २५ मिनिटांत जिवाणू फोडतो आणि शंभरावर पिल्लं बाहेर पडतात.

माझ्या मते खरी परीक्षा स्वभावाची. भोक गढूळ असेल तर सावध व्हावं: काही फाज जिवाणूला मारण्याऐवजी त्याच्या डीएनएत शिरून गप्प बसतात. फाज वापरून जिवाणूंच्या संसर्गावर उपचार करायचा तर असले फाज नकोत, म्हणून जनुकीय क्रम वाचून विषाची जनुकं आहेत का, तेही तपासतात. आग्र्यात १८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन यांना गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरताना दिसले; त्यामागे फाज असावेत, असं पुढे अनेकांनी मानलं. बरोबर १०० वर्षांनी, १९९६ मध्ये, उघड झालं की कॉलऱ्याच्या जंतूला त्याच्या विषाचं जनुकही एका फाजनेच आणून दिलेलं आहे.