हॅरिस पार्क : गुन्ह्यांचे प्रमाण व सुरक्षितता

हॅरिस पार्क : ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील, सिडनी महानगराच्या पश्चिम भागातले एक लहान उपनगर. लोकसंख्या सु. ५,००० (२०२१). सिडनीच्या मध्यवर्ती भागापासून सु. २० किमी. अंतरावर, पॅरामॅटा शहराला अगदी लागून वसलेले. क्षेत्रफळ एक चौ. किमी.पेक्षाही कमी. पूर्वेस रोझहिल आणि दक्षिणेस ग्रॅनव्हिल ही उपनगरे आहेत. येथील रहिवाशांपैकी बहुसंख्य ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेले असून त्यांत भारतात जन्मलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. विग्रम स्ट्रीट व मॅरियन स्ट्रीट या रस्त्यांवरील जुन्या कॉटेजांतून भारतीय खाणावळी, मिठाईची व किराण्याची दुकाने थाटलेली असल्यामुळे हा भाग ‘लिटल इंडिया’ म्हणून ओळखला जातो. २००९ मधील भारतीय विद्यार्थ्यांच्या निदर्शनांमुळे उपनगराचे नाव भारतातील वृत्तपत्रांत झळकले. तेव्हापासून येथील गुन्हेगारी आणि सुरक्षितता यांविषयी उलटसुलट विधाने केली जात आहेत. इतक्या लहान वस्तीच्या बाबतीत गुन्ह्यांचा ‘दर’ या संज्ञेला कितपत अर्थ उरतो, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

प्रारंभ : हा मूळचा दारुग लोकांपैकी बुरामाटागल कुळाचा प्रदेश. युरोपीय वसाहतीच्या प्रारंभी जेम्स रूस या शिक्षा भोगून सुटलेल्या शेतकऱ्याला येथे ३० एकर जमीन देण्यात आली. वसाहतीतील हे पहिले जमीन-अनुदान मानले जाते. त्याचे वर्ष कोणी १७९१, तर कोणी १७९२ असे देतात. प्रत्यक्ष ताबा आणि सनदेवरील तारीख यांतील अंतरामुळे हा फरक पडलेला दिसतो. सनद फेब्रुवारी १७९२ ची असल्याने तेच वर्ष ग्राह्य धरणे सयुक्तिक ठरते. रूसने ही जमीन १७९३ मध्ये ४० पौंडांना जॉन हॅरिस या लष्करी शल्यवैद्याला विकली आणि पुढे त्याच्याच नावावरून उपनगराचे नाव पडले. हॅरिस पुढे वसाहतीत दंडाधिकारीही होता. या जमिनीवरील ‘एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज’ ही वास्तू १९६१ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा-जतन संस्थेच्या ताब्यात आहे. ती अठराव्या शतकाच्या अखेरीची असावी, असे पूर्वी मानत. अलीकडच्या अभ्यासकांचा कल १८३० च्या दशकाकडे असून बांधणीची शैली पाहता तो अधिक पटण्याजोगा वाटतो. १८२४ च्या सुमाराची हॅम्बल्डन कॉटेज ही वास्तूही याच परिसरात आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे लेबनॉनमधून आलेल्या मॅरोनाइट ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वाढली. ‘अवर लेडी ऑफ लेबनॉन’ हे त्यांचे प्रमुख चर्च येथेच आहे. रेल्वे स्थानक हाताशी आणि घरभाडे तुलनेने कमी, यामुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने राहू लागले.

आकड्यांचा उगम : न्यू साउथ वेल्समधील गुन्ह्यांची आकडेवारी राज्याच्या ‘गुन्हे आकडेवारी व संशोधन केंद्रा’कडून (स्थापना १९६९) प्रसिद्ध होते. कच्ची माहिती पोलिसांच्या संगणकीय नोंदप्रणालीतून येते. ही प्रणाली १९९४ पासून वापरात आहे. राज्य, स्थानिक परिषद (नगरपालिकेसारखी संस्था), पोस्टकोड आणि उपनगर अशा निरनिराळ्या पातळ्यांवर आकडे मिळतात. येथे मोजणीचे एकक ‘नोंदवलेली घटना’ हे आहे. त्याच व्यक्तींच्या संदर्भात, एकाच ठिकाणी, सलग कालावधीत आणि एकाच प्रकारात मोडणारे जे घडले ती एक घटना. त्यामुळे एकाच प्रसंगात मारहाणही झाली आणि घराची मोडतोडही झाली, तर दोन प्रकारांत दोन घटना दिसतात. दोन्ही स्तंभांची बेरीज करून ‘एकूण गुन्हे’ काढणारा वाचक त्या एकाच प्रसंगाची मोजणी दोनदा करतो.

घटनेची नोंद ती जेथे घडली त्या ठिकाणावर होते. पीडित कोठे राहतो किंवा आरोपी कोठून आला, याचा तीत विचार नसतो. मार्च २०१५ मध्ये पॅरामॅटा पार्कमधील पायवाटेने वेस्टमीडकडे घरी निघालेल्या एका भारतीय संगणक-व्यावसायिक महिलेचा खून झाला. भारतीय समाजाला हादरवणारी ही घटना हॅरिस पार्कपासून फार लांब घडली नव्हती. तरीही हॅरिस पार्कच्या तक्त्यात तिला जागा नाही. लोकांच्या मनातील भीती उपनगराची सीमारेषा पाळत नाही, आकडे मात्र ती काटेकोर पाळतात.

दर आणि त्याचा छेद : गुन्ह्यांचा दर म्हणजे घटनांची संख्या (अंश) भागिले लोकसंख्या (छेद), गुणिले एक लाख. दहा लाखांच्या शहराला हे सूत्र ठीक लागू पडते. पाच हजारांच्या वस्तीत मात्र एकेक घटना दर लाखामागे २० इतकी दिसते. उदाहरणादाखल, एका वर्षी तीन जबरी चोऱ्या झाल्या तर दर ६० येतो आणि पुढच्या वर्षी पाच झाल्या तर १००. ‘जबरी चोऱ्यांत ६७ टक्के वाढ’ असा मथळा देण्यास हे पुरेसे आहे, पण वाढ केवळ दोन घटनांची आहे आणि ती योगायोगानेही होऊ शकते. स्वतः संशोधन केंद्र ही मर्यादा मान्य करते. वाढ किंवा घट जाहीर करण्यापूर्वी ते केंडाल यांची क्रम-सहसंबंध कसोटी (बदल निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी सांख्यिकी पद्धत) लावते. बारा महिन्यांच्या कोणत्याही कालखंडात वीसपेक्षा कमी घटना असतील, तर ते कल काढतच नाही. तीन हजारांहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक परिषदांना क्रमवारीत स्थानही दिले जात नाही. हॅरिस पार्क या मर्यादेच्या थोडेसेच वर येते. शिवाय हे उपनगर आहे, परिषद नव्हे.

छेदाविषयीची दुसरी अडचण बाहेरून येणाऱ्यांची. शनिवार-रविवारी संध्याकाळी विग्रम स्ट्रीटवर जेवायला येणारी कुटुंबे सिडनीच्या दूरदूरच्या भागांतून आलेली असतात. दिवाळीत तर रस्ता माणसांनी फुलून जातो. त्यांच्यापैकी कोणाच्या मोटारीची काच फोडून बॅग पळवली, तर ती चोरी अंशात मोजली जाते. ते कुटुंब मात्र छेदात नसते. सिडनी शहर परिषदेचे दर याच कारणासाठी सावधपणे वाचावेत, अशी टीप संशोधन केंद्र देत आले आहे. बाजारपेठ असलेल्या प्रत्येक लहान उपनगराला ही टीप लागू करायला हवी. हॅरिस पार्कला तर ती निश्चितच लागू आहे.

तिसरी अडचण काळाची, आणि ती सहसा ध्यानात घेतली जात नाही. उपनगराची लोकसंख्या पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या जनगणनेतून येते. २०१६ मध्ये ती सु. ५,८०० होती आणि २०२१ मध्ये सु. ५,००० पर्यंत उतरली. २०२१ ची गणना १० ऑगस्टला झाली. तेव्हा कोविडमुळे मार्च २०२० पासून ऑस्ट्रेलियाच्या सीमा परदेशी विद्यार्थ्यांना बंद होत्या आणि सिडनीत टाळेबंदी चालू होती. डिसेंबर २०२१ मध्ये सीमा खुल्या झाल्यावर विद्यार्थी परतू लागले. म्हणजे विद्यार्थ्यांच्या या वस्तीचा छेद नेमका ती रिकामी असताना मोजला गेला. पुढील वर्षांच्या घटना या आकड्याने भागल्या, तर दर वाजवीपेक्षा फुगलेला दिसणार. याउलट २०२१ या वर्षाच्या घटना असाधारणपणे कमी असणार, कारण २३ ऑगस्टपासून काही आठवडे पॅरामॅटासह पश्चिम सिडनीतील परिषदांमध्ये रात्री ९ ते पहाटे ५ संचारबंदी होती. त्यामुळे २०२१ हे वर्ष पाया धरून केलेली कोणतीही तुलना येथे टाळणेच इष्ट. परिषद पातळीवरील जुन्या-नव्या आकड्यांतही असाच खंड आहे. मे २०१६ मध्ये परिषदांची फेररचना होऊन पॅरामॅटाच्या सीमा बदलल्या आणि शेजारी कंबरलँड ही नवी परिषद झाली.

घरे विकणारी वा भाड्याने देणारी काही संकेतस्थळे या सर्व अटी गाळून उपनगरांना सुरक्षिततेचे गुण देतात. नव्याने येणारा विद्यार्थी आणि भारतात बसून काळजी करणारे त्याचे आईवडील तोच एक आकडा पाहून निर्णय घेतात. हा प्रकार गंभीर आहे. त्यापेक्षा सलग पाच वर्षांच्या घटनांची साधी संख्या, प्रकारवार आणि महिनावार पाहिली, तर अधिक खरे चित्र हाती लागते.

अंशाविषयी : पोलिसांकडे न गेलेला गुन्हा आकड्यांत येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाकडून २००८–०९ पासून दरवर्षी होणाऱ्या पीडित-सर्वेक्षणांनुसार वाहनचोरीच्या जवळजवळ सर्व घटना पोलिसांत नोंदवल्या जातात, कारण विम्याच्या दाव्यासाठी ते आवश्यक असते. शारीरिक मारहाणीच्या मात्र सु. निम्म्याच घटना पोलिसांपर्यंत पोचतात आणि लैंगिक अत्याचाराच्या त्याहून पुष्कळ कमी. तात्पुरत्या व्हिसावर राहणारे लोक तक्रारीला अधिक कचरतात. व्हिसावर परिणाम होईल, ही त्यांची धास्ती असते. कौटुंबिक हिंसेच्या बाबतीत, पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या स्त्रीपुढे हा प्रश्न जास्तच तीव्र होतो. याच्या उलट, अमली पदार्थ बाळगणे यांसारखे गुन्हे पोलिसांनी शोधले तरच दिसतात. रेल्वे स्थानकावर श्वानपथक आणले की त्या महिन्यात आकडा चढतो.

२००९ ची निदर्शने : मे २००९ च्या अखेरीस मेलबर्न येथे भारतीय विद्यार्थ्यांवरील हल्ल्यांच्या निषेधार्थ मोठा मोर्चा निघाला. पुढच्याच महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हॅरिस पार्कमध्ये सलग काही रात्री भारतीय तरुण रस्त्यावर जमले. लेबनीज वंशाच्या तरुणांनी भारतीयांवर हल्ला केल्याच्या आरोपातून ही निदर्शने सुरू झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. पोलीस तक्रारींकडे काणाडोळा करतात, हा निदर्शकांचा मुख्य आक्षेप होता. प्रतिहल्ल्याच्या घटनाही घडल्या आणि पोलिसांना श्वानपथकांसह बंदोबस्त ठेवावा लागला. पहिला हल्ला नेमका कोणी व कोणावर केला, याबाबत तत्कालीन वृत्तांतांत मेळ नाही.

या हल्ल्यांच्या कारणांविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्यांच्या मुळाशी वंशद्वेष होता. दुसऱ्या मतानुसार ही संधिसाधू गुन्हेगारी होती. पेट्रोल पंपावर वा दुकानात रात्रपाळी करणारे, टॅक्सी चालवणारे, शेवटच्या गाडीने एकटे घरी परतणारे विद्यार्थी सोपे सावज ठरत. स्वयंपाककला, केशकर्तन यांसारख्या व्यवसाय-अभ्यासक्रमांतून कायम वास्तव्य मिळण्याची वाट तेव्हा खुली असल्याने अशा विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली होती. (फेब्रुवारी २०१० मध्ये हे नियम कडक करण्यात आले.) फी आणि भाडे भागवण्यासाठी मिळेल त्या वेळेचे काम पत्करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्र संस्थेने २००५–०९ या कालखंडाचा अभ्यास करून २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भारतासह पाच देशांच्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या व्हिसा-नोंदी पोलिसांकडील पीडितांच्या नोंदींशी जुळवून तो तयार करण्यात आला. मारहाणीचे प्रमाण भारतीय विद्यार्थ्यांत बहुतांशी सर्वसाधारण जनतेइतके किंवा त्याहून कमी आढळले. जबरी चोरीचे प्रमाण मात्र मोठ्या राज्यांत सर्वसाधारण सरासरीपेक्षा अधिक होते. या चोऱ्यांचा मोठा वाटा दुकाने, पेट्रोल पंप अशा कामाच्या ठिकाणचा होता. हेतूविषयी उपलब्ध नोंदींवरून निष्कर्ष काढता येत नाही, असेही अहवालात नमूद आहे. अहवालाने वंशद्वेषाचा आरोप खोडून काढला, असे पुढे अनेकांनी म्हटले. ते तितकेसे बरोबर नाही. हेतूची विश्वासार्ह नोंदच जेथे नव्हती, तेथे तो होता किंवा नव्हता असे आकडे सांगू शकत नाहीत. दोन्ही मतांपैकी दुसऱ्याला आकड्यांचा आधार अधिक मिळतो. मात्र शिवीगाळ ऐकत मार खाल्लेल्या तरुणांचे अनुभव बाजूला सारण्यास तो पुरेसा नाही.

नंतरचा काळ : राज्यातील जबरी चोऱ्या व घरफोड्या २००१ च्या सुमारास शिखरावर होत्या आणि त्यानंतरच्या दोन दशकांत त्या मोठ्या प्रमाणात घटल्या. २००० च्या अखेरीस निर्माण झालेली हेरॉइनची टंचाई हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे २००९ चा उद्रेक झाला, तो राज्यातील मालमत्ताविषयक गुन्हे एकूण उतरणीला लागले असताना. हॅरिस पार्कपुरता विचार करता, त्यानंतर तसा उद्रेक झाला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस येथे काही शीख तरुणांच्या मोटारीवर बॅट व हातोड्यांनी हल्ला झाला. भारतातील कृषी कायद्यांवरून समाजात पडलेल्या तटांशी त्याचा संबंध जोडण्यात आला. या प्रसंगात दोन्ही बाजू भारतीय वंशाच्याच होत्या. मे २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या सिडनी भेटीत येथील नियोजित ‘लिटल इंडिया’ प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचे अनावरण झाले.

सुरक्षाव्यवस्था : नव्या इमारतींना परवानगी देताना गुन्ह्यांचा धोका तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यात २००१ पासून आहेत. प्रवेशद्वार रस्त्यावरून दिसावे, बोळात आणि पार्किंगमध्ये उजेड असावा, खिडक्यांतून रस्त्यावर नजर राहावी, असा त्यांचा रोख आहे. विग्रम स्ट्रीटवर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या खाणावळी आणि त्यांच्या ओसरीवरील टेबले हे काम आपोआप करतात. तेथून दूरच्या, तीन-चार मजली भाड्याच्या इमारतींच्या गल्ल्यांना तो लाभ मिळत नाही. तळमजल्यावरील टपालपेट्यांमधून बँकेची वा व्हिसाची पत्रे चोरीस जाणे, एकाच सदनिकेत अनेकांनी राहण्यामुळे होणारे वाद आणि भाड्याच्या अनामतीवरून फसवणूक हे प्रकार अशा दाट वस्त्यांत नित्याचे असतात. मथळ्यांत मात्र ते क्वचितच येतात.

जिवाला धोका असेल वा गुन्हा घडत असेल, तर ०००, तातडीची गरज नसलेल्या तक्रारीसाठी १३१ ४४४ आणि नाव न सांगता माहिती देण्यासाठी १८०० ३३३ ००० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. इंग्रजी अडत असल्यास १३१ ४५० या क्रमांकावरून दुभाषा मिळतो.